लाल लोकरीची कॅसेट

सिनेमात माझी आई ओरडली, "अगं ए, भाकर करपली! लक्ष कुठाय तुझं?" आणि सगळं थिएटर हसलं. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. माझ्या शेजारी बसलेली दुनिया, म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, सूर्यफुलाच्या बिया चघळत होती, तीसुद्धा हसली. तिला काय कळणार, आजी गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. मी मात्र खुर्चीचा दांडा घट्ट धरला. त्या आधी मिनिटभर एक मुलगी आमच्या रिफ डोंगरातल्या बोलीत काहीतरी बोलत होती. मी बरी आहे, घरचे बरे आहेत, शेळीला दोन पिल्लं झाली, तू अंगात लोकरीचं घालतोस ना. मी मनात म्हटलंसुद्धा, काय हा नाकातला आवाज, सिनेमावाल्यांना बरी पोरगी मिळाली नाही का! आणि मग आई ओरडली, आणि त्या आवाजामागे आमच्या भट्टीच्या पत्र्याचं झाकण खणकन पडलं. त्या झाकणाचा कान तुटलेला होता, ते नेहमी तसंच पडायचं. आई गेली, भट्टी पडली, ते झाकण कुठल्या भंगारात गेलं देव जाणे. म्हणजे ती नाकात बोलणारी पोरगी मीच होते. आपला आवाज माणसाला ओळखू येत नाही, आईचा बरोबर येतो.

पडद्यावर एक उंच, देखणा नट परक्या देशातल्या कोंदट खोलीत पलंगावर बसून ती कॅसेट ऐकत होता. खिडकीवर बर्फ. नटाच्या डोळ्यांत पाणी. खाली अरबीत आणि फ्रेंचमध्ये माझं बोलणं अक्षरांत उमटत होतं, शेळीच्या पिल्लांसकट. तोवर मी त्या सिनेमाला मनसोक्त नावं ठेवत होते. दुनियाला कुणीतरी दोन तिकिटं दिली म्हणून तिने मला ओढून आणलेलं, "चल मावशी, प्रेमाचा सिनेमा आहे, आपल्या रिफमधला आहे, जरा माणसांत ये." गोष्ट काय, तर डोंगरातला मुलगा ट्रकखाली लपून समुद्रापार जातो आणि मुलगी त्याची वाट बघते. वाट बघते म्हणजे काय करते, तर समुद्राकाठच्या खडकावर केस मोकळे सोडून बसते! आमच्याकडे पोरगी अशी बसली असती तर आईने खराट्याने झोडपत घरी आणली असती. वाट बघायला वेळ कुणाला होता? पाणी आण, सरपण आण, जव कांड, शेळ्या वळव, त्यातून उरलेल्या फटीत वाट बघायची. हे मी दुनियाच्या कानात सांगतही होते आणि पुढच्या रांगेतला एका टकल्याने दोनदा मागे वळून बघितलंही होतं. पण आई ओरडली आणि माझ्या तोंडाला कुलूप बसलं. पुढे त्या नटीचं काय झालं, तो नट परत आला की नाही, मला आजही विचारलं तर सांगता येणार नाही.

दिवे लागले. लोक उठले. मी उठले नाही. "मावशी, रडतेयस की काय? एवढा काही भारी नव्हता गं," दुनिया म्हणाली. मी म्हटलं, "त्या नावांच्या यादीत कॅसेटचं काही आहे का बघ." पडद्यावर नावं वरवर सरकत होती. तिला वाटलं मला चक्कर येतेय. "अगं कुठली कॅसेट?" "वाच म्हणते ना!" ती बिचारी मान वर करून वाचत राहिली, आणि अगदी शेवटी, आभार मानतात तिथे, म्हणाली, "हे बघ. जुनी कॅसेट, अल्लाल बुतय्यब यांच्या घरून, रॉटरडॅम." मग माझ्याकडे वळली. "तू ओळखतेस याला?" मी तिला एवढंच सांगितलं की ती मघाशी ओरडली ती तुझी आजी होती. दुनियाच्या हातातल्या बिया सांडल्या. "आजी? माझी आजी? आणि मी हसले?" ती तिथेच रडायला लागली. झाडूवाला येऊन उभा राहिला तेव्हा आम्ही बाहेर पडलो. बाहेर टांजियरचं दुपारचं ऊन, टॅक्सीवाल्यांची आरडाओरड, आणि मी चालतेय, पण पाय कुणा दुसरीचे.

अल्लाल माझा होणारा नवरा होता. दोन घरांनी मिळून फातिहा वाचली होती, निळ्या कागदात गुंडाळलेले साखरेचे शंकू आमच्या घरी आले होते, मी अठरा वर्षांची होते. दुसऱ्या वर्षी तो गेला. तेव्हा ट्रकखाली लपावं लागत नसे, समोरच्या किनाऱ्यावर उतरून मजल दरमजल वर जाता येई. लिहायला मला येत नव्हतं, त्यालाही जेमतेम. मग आमच्याकडे सगळे करायचे तेच आम्ही केलं. कॅसेट. सुट्टीला येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून एक कॅसेट जायची आणि तीच परत यायची. तीच, हे महत्त्वाचं. तो बोलला की मी ऐकायची, दोनदा, तीनदा, पाठ होईपर्यंत, आणि मग त्याच्यावरच माझं बोलणं भरायची. त्याचं पुसलं जाऊन माझं चढायचं. तिकडे तो माझं ऐकायचा आणि माझ्यावर त्याचं चढवायचा. सगळ्या गावाची हीच रीत. परत आलेली कॅसेट म्हणजेच उत्तर, मग तिच्यात काही का असेना. आमची चुकून दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून मी तिच्या एका चाकाच्या भोकातून लाल लोकर ओवून गाठ मारली होती, वाजवताना सोडायची आणि मग परत बांधायची. पाच वेळा ती गेली आणि पाच वेळा आली. सहाव्या वेळी गेली ती आली नाही. ती सहावी परवा सिनेमात आली.

त्या सहाव्या वेळी मी काय बोलले ते मला पाठ आहे, सिनेमावाल्यांनी आईच्या ओरडण्यापर्यंतचंच घेतलं हे त्यांचे उपकार. आई भाकरीवरून ओरडून गेल्यावर मी दार लोटलं आणि म्हणाले, अल्लाल, दोन वर्षं झाली. टांजियरचं स्थळ आलंय, बिजवर आहे, ड्रायव्हर आहे. भाऊ म्हणतो नुसत्या साखरेवर पोरगी किती दिवस बसवायची. माझा जीव तुझ्यात आहे, हे मी यंत्रासमोर बोलतेय, लाज सोडून बोलतेय. ये म्हणालास तर कशीही येईन. नको असेन तर नको म्हण, मी शिव्या देणार नाही. पण हीच टेप पाठव. लाल लोकरीची. उन्हाळ्यात ती आली नाही तर मी काय ते समजेन. उन्हाळा आला, गाड्या आल्या, टपावर सायकली, गालिचे, फ्रिज बांधून आल्या. लाल लोकर आली नाही. मी काय ते समजले. शरद लागला तशी हम्मादीची बायको होऊन टांजियरला आले. हम्मादी वाईट नव्हता. कमी बोलायचा, घरी यायचा, जेवायचा, छातीचं दुखणं होऊन गेला. मूल झालं नाही. छत्तीस वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले, की मी विचारलं आणि त्याने उत्तर दिलं नाही. या गोष्टीवर मी चांगली जगले. राग असला की माणूस ताठ चालतो.

आणि आता ती टेप त्याच्या घरी निघाली. पुसलेली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर बसले, पण डोक्यात तेच. आम्ही कोळंबी सोलतो. तिकडच्या थंड समुद्रात पकडलेली बारकी करडी कोळंबी ट्रकने इथे येते, आम्ही दोनशे बायका पांढरे डगले, पांढऱ्या टोप्या घालून ती सोलतो आणि ती तशीच परत तिकडे जाते, त्यांच्या पावावर बसायला. माझी मैत्रीण ततूम नेहमी म्हणते, "बघ गं, या किड्यांना व्हिसा लागत नाही. येतात काय, जातात काय. आपण मात्र इथेच." मी हसायची. अठ्ठावीस वर्षं त्याच्या देशातल्या समुद्राचा वास माझ्या नखांत आहे, हम्मादीसुद्धा म्हणायचा लिंबू लाव, जात नाही. त्या सोमवारी बोटं आपोआप चालत होती, डोकं मोडायचं, शेपूट ओढायची, आणि मी हिशेब लावत होते. ठेवायचीच होती तर का ठेवली? नको असलेल्या बाईचा आवाज कुणी सांभाळून ठेवतं का? टेपा काही महाग नव्हत्या. पुसायची, परत वापरायची, फेकायची. की पेटीच्या तळाशी राहून गेली, चपलेचा जोड राहून जातो तशी? थंड खोलीच्या दाराला प्लास्टिकच्या लांब पट्ट्यांचा पडदा आहे, पंख्याच्या वाऱ्याने त्या थरथरतात आणि एक बारीक आवाज येतो, हूंऽऽ असा. तो आवाज मला पहिल्यापासून सोसत नाही. का ते मला माहीत नाही असं मी सगळ्यांना सांगते. त्या दारापासून लांबची जागा मिळावी म्हणून मुकादमीणबाईशी मी एकदा हातघाईवर आले होते. ततूमने विचारलं, "आज तोंड का असं? कोण मेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. उलट." तिला काय कळणार.

दुनिया गप्प बसणारी पोर नव्हे. तिने फोनवर त्या सिनेमावाल्यांना गाठलं, त्यांनी अल्लालच्या मुलीचा नंबर दिला, दुनियाने तिला कळवलं की कॅसेटमधली बाई माझी मावशी आहे, टांजियरला आहे, जिवंत आहे. हे सगळं मला न विचारता. मला गुरुवारी सांगितलं, तेही भीत भीत. "मावशी, ओरडू नकोस. त्याच्या मुलीने तुझ्यासाठी आवाज पाठवलाय." म्हणजे अल्लालला मुलगी आहे. असणारच, माझ्यासारखा थोडाच बसला असेल. "काय म्हणते?" "मी नाही ऐकलं. तुझ्यासाठी आहे." तिने माझ्या फोनवर ते घालून दिलं, कुठे दाबायचं ते दाखवलं. मी तो आवाज दिवसभर तसाच ठेवला. डगल्याच्या खिशात. कोळंबी सोलत. हे मी का केलं याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, नंतर आलं. मी आवाज न ऐकता ठेवणारी बाई आहे.

शुक्रवारी अर्धा दिवस काम. दुनियाची आई, माझी बहीण, खाली कुसकुस वाफवत होती, भोपळ्याचा वास जिन्यात भरला होता. मी गच्चीवर गेले, वाळत घातलेल्या चादरींच्या आत बसले आणि दाबलं. मुलीचं नाव सिहाम. आमची बोली बोलत होती, पण घशातून, तिकडच्या लोकांसारखी, मधेच शब्द अडला की थांबायची. म्हणाली, "यामिना मावशी, सलाम. मी तुम्हाला मावशी म्हणते, राग मानू नका. तुमची कॅसेट मी दिली त्यांना. ते लोक मशिदीत येऊन जुन्या कॅसेटी मागत होते. आमच्या घरी एकच होती, लाल लोकर बांधलेली. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं, ही का ठेवलीय? तर म्हणाले, ही परत करायची होती, केली नाही. हिच्यावर बोललो असतो तर ती पुसली गेली असती. म्हणून मी बाजारातून गाण्यांची एक कॅसेट घेतली, भोकांत कागदाचे बोळे घातले आणि त्याच्यावर बोललो. शुऐबच्या हातून पाठवली. ती आली नाही. बस, एवढंच सांगायचे. काय बोलला होतात विचारलं की उठून जायचे."

मी फोन मांडीवर ठेवला. सिहाम बोलतच होती. "मावशी, बाबांना दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं कळतं त्यांना, पण नुसतं हं, हं करतात. आमच्याकडे त्यांचे फोटो पेटीभर आहेत. आवाज नाही. फोनवर कुणी चित्र काढायला लागलं की ते तोंड फिरवायचे. लग्नाच्या व्हिडिओत टाळ्या वाजवतायत, पण वर गाणी. मी सगळं शोधलं. माझ्या धाकट्याने आजोबांचा आवाज ऐकलेलाच नाही. आणि मलाही आता... मलाही आता नीट आठवत नाही, खरं सांगते, त्याची भीती वाटते. ती गाण्यांची कॅसेट तुमच्याकडे असेल तर... तुमच्या दोघांचं काय होतं ते मला ऐकायचं नाही, तुम्ही आधी ऐका, पाहिजे ते कापा. आई जाऊनही सहा वर्षं झाली, तिचा मान जात नाही. मला फक्त पाच मिनिटं द्या. दोन मिनिटं. त्यांनी नुसता सलाम केला असेल तेवढा द्या." मग तिकडे एक दार वाजलं आणि मागून कुणीतरी म्हातारा हं, हं असं म्हणाला. आणि ते संपलं.

शुऐब त्या उन्हाळ्यात आला होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा सांगताना गाळूनच सांगायची. तो आला तेव्हा मी अंगणात होते. हातात प्लास्टिकची पिशवी. "घे यामिना, अल्लालने दिलंय. म्हणाला, तिच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या देऊ नकोस. दिलं बाई. आता चहा पाज, घसा सुकला." पिशवीत कॉफीचा डबा, दोन साबण, एक हिरवा रुमाल आणि एक कॅसेट. मी आधी लोकर शोधली. पिशवी उलटी करून झटकली. लोकर नव्हती. कॅसेटवर निळ्या कोटातल्या एका मिशाळ गवयाचं चित्र होतं. मी शुऐबला विचारलं, "आणखी काही नाही?" "काही नाही." "काही बोलला?" "तो कधी बोलतो का? कपड्यांच्या धुलाईत काम करतो, वाफेत उभा असतो दिवसभर. आता गाणी ऐक आणि मजा कर." शुऐब गडगडाटी हसला. माझ्या नाकावर राग, हे सगळं गाव सांगेल. मी जीव काढून विचारते, ये की नको, आणि हा मला लग्नातली गाणी पाठवतो! आईला मी म्हटलं, "बघ तुझा जावई. साबण पाठवलाय, तोंड धुवायला." आईने चहा टाकला.

इथपर्यंत राग आहे, आणि रागाला माफी असते. पण माझ्या डोळ्यांना ते बोळे दिसले होते. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटीला वरच्या कडेला दोन चौकोनी भोकं असतात, कुणी चुकून पुसू नये म्हणून. त्यात कागद कोंबला की तिच्यावर बोलता येतं. हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. मी स्वतः किती वेळा चघळलेला कागद अंगठ्याने दाबून बसवलाय, दुसऱ्यांच्या घरच्या निरोपांसाठी. त्या मिशाळ गवयाच्या डोक्यावर दोन कागदी बोळे होते, वर्तमानपत्राचे, एकावर परकी अक्षरं. मी बघितले. अंगठा फिरवला त्यांच्यावरून. आजही तो खरखरीतपणा अंगठ्याला आहे. आणि मी कानाडोळा केला. कारण ऐकलं असतं तर तो नको म्हणाला असता. दुसऱ्या टेपवर बोलला म्हणजे नको म्हणण्यासाठीच बोलला, माझी टेप विटाळू नये म्हणून, असं मला त्या क्षणी वाटलं. वाटलं की नाही, हेही आता नक्की सांगता येत नाही. छत्तीस वर्षं मी त्या क्षणावर इतकं काही चढवलंय की खालचं पुसून गेलंय. पण बोळे दिसले होते. अल्लाशपथ दिसले होते. त्याने उत्तर दिलं नाही, ही गोष्ट खोटी आहे, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. नको ऐकण्यापेक्षा काहीच न ऐकणं मला बरं वाटलं. आणि आता ही पोरगी तिकडून म्हणते, नुसता सलाम द्या.

आमच्या अंगणात अंजिराचं झाड होतं. त्या आठवड्यात फळं पाडाला आली होती, चिमण्यांनी उच्छाद मांडला होता. भाऊ म्हणाला, "जुन्या कॅसेटीची पट्टी लावा, शेजाऱ्यांनी लावलीय, वाऱ्यावर चमकते, वाजते, पाखरू फिरकत नाही. आहे का एखादी टाकाऊ?" मी म्हटलं, "आहे ना." दगडाने फोडली. पट्टी ओढत गेले, ओढत गेले, संपता संपेना, तपकिरी, गुळगुळीत, हातभर, खोलीभर, अंगणभर. फांदीफांदीला ताणून बांधली. मी स्वतः शिडीवर चढून बांधली. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ती सगळी पट्टी थरथरायची, उन्हात चकाकायची, आणि त्यातून आवाज यायचा, हूंऽऽ, एकसारखा, संध्याकाळी वारा पडेपर्यंत. मी त्याच झाडाखाली बसून धान्य निवडायची. लग्न ठरलं तेव्हा बायका त्याच झाडाखाली गायल्या. हाताला मेंदी लावून मी तिथेच बसले होते आणि डोक्यावर अल्लाल ये म्हणत होता, किंवा नको म्हणत होता.

चादरी वाळल्या होत्या. खालून बहिणीने हाक मारली, "यामिना, कुसकुस गार होतेय!" अगदी आईसारखी. मी येते म्हटलं आणि फोनवर अंगठा दाबून धरला, दुनियाने शिकवलं तसा. म्हटलं, "सिहाम बेटा, सलाम. ती कॅसेट मला मिळालीच नाही गं. शुऐबने वाटेत हरवली असेल, त्याचं कुठे लक्ष होतं." शुऐब मेलाय, त्याच्यावर काहीही घालता येतं. अंगठा बाजूला सरकवला. पुसलं गेलं. इतकं सोपं. पुन्हा दाबलं. "मिळाली होती, पण घर पडलं त्यात गेली." सरकवलं. पुसलं. मग मी अल्लालचा आवाज आठवायला लागले, तिला देण्यासाठी. कॅसेटच्या सुरुवातीला तो घसा खाकरायचा, मग सगळ्यांना नावानिशी सलाम करायचा, माझ्या आईला, भावाला, आंधळ्या आत्याला, आणि शेवटी आमच्या गाढवाला, त्याला तो काझीसाहेब म्हणायचा. शब्द सगळे आठवले, ओळीने आठवले. आवाज येईना. मी डोळे मिटले, आणखी जोर लावला. फक्त हूंऽऽ येत होतं.

तिसऱ्यांदा दाबलं. "सिहाम, ऐक. कॅसेट मला मिळाली होती. माझ्या हातात मिळाली. कागदाचे बोळे मी पाहिले होते. तुझा बाप बोललाय हे मला कळलं होतं. तो नको म्हणाला असेल या भीतीने मी ती लावली नाही. त्याची चूक नाही, शुऐबची नाही. मी ती फोडली आणि पट्टी आमच्या अंजिराच्या झाडाला बांधली, चिमण्या येऊ नयेत म्हणून. तो काय म्हणाला होता मला माहीत नाही, आता कुणालाच कळणार नाही. तुझ्याकडे माझा आवाज आहे, माझ्या आईचासुद्धा आहे. तुझ्या बापाने तो जपला. माझ्याकडे तुला द्यायला काही नाही. आमच्या गाढवाला तो काझीसाहेब म्हणायचा, एवढं आहे. ते तुझ्या धाकट्याला सांग. हे सगळं तुझ्या बाबांना ऐकवायचं की नाही, ते तू ठरव. पण ऐकवलंस तर पुढचंही ऐकव. अल्लाल, उन्हाळाभर तू आमच्या अंगणात वाजत होतास. एकाही चिमणीने चोच लावली नाही. त्या वर्षीची अंजिरं फार गोड होती, आम्ही सगळ्यांनी बसून खाल्ली."

मग मी अंगठा उचलला आणि खाली जेवायला गेले.